सुप्याच्या दुष्काळी पट्ट्यात साखर पिकवणारे वालचंद शेठ, त्यांची फियाट आणि तिचं वळणावरचं झुकणं

बारामती तालुक्यातलं सुपे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळं हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं. पण सुप्याचं नाव इंग्रज सरकारच्या दप्तरात गाजलं ते वेगळ्याच कारणानं.

तारीख होती १२ मे १८७५. सुप्यात बाजारचा दिवस होता. आजूबाजूच्या गावांतले कर्जानं पिचलेले शेतकरी बाजारात गोळा झाले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. कागद हाती लागले, त्यांची होळी झाली. सुप्यातून ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या गावागावात पोचली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना थोडाफार दिलासा देणारा कायदा झाला.

ज्यांच्या वह्या जळाल्या त्यातले बरेच सावकार गुजराती आणि मारवाडी होते.

त्यानंतर सातच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात अशाच एका गुजराती जैन घरात मुलगा जन्माला आला. मूळ गाव सौराष्ट्रातलं वांकानेर, आडनाव दोशी, वडिलांचं नाव हिराचंद नेमचंद. धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मुलाचं नाव ठेवलं वालचंद.

पुढं हाच वालचंद सुप्याच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात आला. त्यानं तिथं साखर कारखाना काढला, आणि तोही वहीखात्यावर व्याज मोजायला नाही. देशातला पहिला विमान कारखाना, पहिला आधुनिक जहाज कारखाना आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना, या तिन्हींच्या मागं हाच माणूस. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की जी फियाट डोळ्यासमोर येते, ती त्याच्याच कंपनीची.

आणि त्याच फियाटचं सस्पेन्शन सुधारायच्या नादात आजही अनेक जण गॅरेजमध्ये पैसे ओतत असतात. पण आधी माणसाची गोष्ट, मग गाडीची.

वालचंद सोलापुरातून मॅट्रिक झाले. मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज अशा दोन ठिकाणी शिकले, पण पदवी काही पदरात पडली नाही. घरच्या धंद्यासाठी परत यावं लागलं. आता घरात कापूस होता, सावकारी होती. गादीवर बसून राहिले असते तरी आयुष्य सुखात गेलं असतं. वालचंद यांना त्या गादीचा कंटाळा होता.

अशात त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि नंतर ठेकेदारीत उतरले होते. फाटकांकडं कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडं भांडवल उभं करायची ताकद. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेचं काम घेतलं. एक मराठी ब्राह्मण कारकून आणि एक गुजराती सावकाराचा मुलगा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात रुळांसाठी भराव टाकत होते. ठेकेदारी वाढत गेली. १९२० च्या दशकात बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत हे काम पोचलं. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

पण ठेकेदार म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर काम करणारा. वालचंद यांना नकाशाही आपलाच हवा होता.

पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकायला निघालं. मुळात हे होतं एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचं प्रवासी जहाज, १८९० साली बांधलेलं. महाराजांनी ते युद्धात रुग्णालय म्हणून वापरायला घेतलं होतं आणि नाव ठेवलं होतं लॉयल्टी. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या साथीदारांनी ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो तो यामुळं.

इंग्रज जहाज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाचा जीव काढला. १९२३ साली तडजोड करावी लागली आणि सिंदियाला किनारी वाहतुकीपुरतं बांधून घातलं गेलं. वालचंद त्या करारावर कधीच खूश नव्हते. पण कंपनी जिवंत राहिली, आणि समोरच्या बाजूला लॉर्ड इंचकेपसारखा माणूस असताना एवढंही थोडं नव्हतं.

आता इंदापूर.

बारामती-इंदापूरचा पट्टा म्हणजे एका बाजूला नीरा डावा कालवा आणि दुसऱ्या बाजूला कोरडी माळरानं. सुप्याकडचा भाग अजूनही जिरायत म्हणून ओळखला जातो, पाण्यासाठी जानाई-शिरसाईसारख्या उपसा योजनेकडं डोळे लावून बसतो. कालव्याचं पाणी जिथं पोचलं तिथं मात्र ऊस आला. १९३२ साली सरकारनं देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला आणि साखर कारखाने काढायची लाट आली. वालचंद यांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला आणि इंदापूर तालुक्यात कळंबला कारखाने काढले. रावळगावच्या गोळ्या खाऊन महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या, ते याच कारखान्याचं पुढचं अपत्य. आणि कळंबची वसाहत पुढं झाली वालचंदनगर.

तिथं फक्त ऊस गाळून ते थांबले नाहीत. कारखान्याची यंत्रं दुरुस्त करायला वर्कशॉप लागलं, वर्कशॉपला कारागीर लागले, आणि पुढच्या काळात तेच वर्कशॉप इतरांना साखर कारखाने बांधून द्यायला लागलं. आज इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटारींची आवरणं वालचंदनगरला बनतात. नीरेच्या काठच्या उसाच्या गावात रॉकेटचे भाग बनतात हे अनेकांना ऐकून खरं वाटत नाही.

याच नीरा कालव्याशी अजून एका माणसाचा संबंध होता, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्यात इंजिनिअर असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी पाणी वाटपाची ब्लॉक पद्धत आणली होती, ती नीरेच्या खोऱ्यात राबवली गेली. १९३५ च्या सुमाराला, पंचाहत्तरीच्या आसपास पोचलेले विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने बघून आले होते. भारतात मोटार बनलीच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत झालं होतं आणि त्यांनी त्याची योजना मुंबई सरकारपुढं ठेवली होती. योजना त्यांच्याकडं होती, पैसा आणि जिद्द असलेला उद्योजक हवा होता. वालचंद पुढं आले.

त्या वेळी भारतात मोटारी मिळत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड सुट्या भागांची खोकी आणून इथं जोडणी करायचे. वालचंद आणि विश्वेश्वरय्या यांचं म्हणणं वेगळं होतं. जोडणी म्हणजे कारखाना नव्हे, भाग इथं ओतले, घडवले, कापले गेले पाहिजेत. हा फरक पुढं फार महत्त्वाचा ठरणार होता.

वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. फोर्डचा भारतातला धंदा कॅनडाच्या फोर्ड कंपनीच्या हातात होता आणि त्यांना भागीदार नको होता. मग ते क्रायस्लरकडं वळले आणि १९४० साली करार झाला. पण करार होऊन उपयोग काय? दुसरं महायुद्ध सुरू झालेलं. यंत्रं आणायची तर डॉलर लागणार, डॉलर द्यायचे की नाही हे सरकार ठरवणार. सरकारनं हा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही असं ठरवून हात वर केले. लष्कराला हजारो ट्रक लागत होते त्याच काळातली ही गोष्ट!

याच मोटारीच्या खटपटीत, १९३९ च्या अखेरीस, अमेरिकेहून येताना विमानात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी झाली. पॉली चीनमध्ये विमानं बनवायचा धंदा करत होता. मोटारीचं घोडं अडलेलं, तर विमानच का बनवू नये, असं वालचंद यांच्या डोक्यात आलं. म्हैसूर संस्थानचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि भांडवल देऊ केलं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४१ मध्ये तिथं जोडलेलं पहिलं विमान उडालंसुद्धा. मग जपान युद्धात उतरला, आणि १९४२ मध्ये सरकारनं वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केलं. आजचं एचएएल ते हेच.

जहाज कारखान्याचंही तसंच. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं. आणि १९५२ साली कारखान्याची मोठी मालकी सरकारकडं गेली. इंग्रजांचं असो की आपलं, सरकारनं वालचंद यांनी उभ्या केलेल्या गोष्टी ताब्यात घ्यायचा सपाटा लावला होता.

मोटार मात्र त्यांच्याकडं राहिली.

१९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लायमाऊथ या नावांच्या गाड्या आणि ट्रक तिथून बाहेर पडू लागले. पण या अमेरिकन मोटारी म्हणजे अवाढव्य धूड. पेट्रोल पिणाऱ्या, महाग. भारतात कोण किती घेणार? लहान गाडी पाहिजे होती. म्हणून इटलीच्या फियाटशी संधान बांधलं गेलं आणि १९५१ पासून छोटी फियाट ५०० कुर्ल्यात जोडली जाऊ लागली.

तोवर वालचंद थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. भाऊ लालचंद आणि घरातले इतर लोक धंदे बघू लागले.

आता इथं एक तारखांचा योग बघा. मार्च १९५३ मध्ये जिनेव्हाच्या मोटार प्रदर्शनात फियाटनं आपली नवी गाडी दाखवली, ११००-१०३. दान्ते जिआकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झालेली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला वालचंद वारले. ज्या गाडीनं त्यांची कंपनी पुढची जवळपास पन्नास वर्षं जगणार होती, ती जगासमोर आली आणि ते गेले, यात साधारण महिनाभराचंच अंतर होतं.

त्याच वर्षी सरकारनं धोरण ठरवलं की भारतात ज्यांचा उत्पादनाचा कार्यक्रम असेल त्यांनाच राहता येईल, नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. वालचंद आणि विश्वेश्वरय्या वीस वर्षांपूर्वी जे म्हणत होते ते आता सरकार म्हणत होतं.

१९५४ पासून ११०० कुर्ल्यात बनू लागली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ही पहिली आवृत्ती मुंबईत डुक्कर फियाट या नावानं ओळखली जायची. १९६४ ला चौकोनी अंगाची डिलाईट आली. फियाटशी करार संपल्यावर तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीच्या नावावरून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची.

आणि आता मुद्द्याचं, तिचं सस्पेन्शन.

त्या काळाच्या मानानं ही गाडी वळणावर चांगली होती. अँबेसिडरच्या तुलनेत फियाट चपळ, असं जुने ड्रायव्हर सांगायचे आणि त्यात तथ्य होतं. पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन विशबोन, मध्ये गुंडाळीची स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर. म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याचा धक्का पोचत नाही. मागं मात्र एकसंध अ‍ॅक्सल आणि त्याखाली पाटे, बैलगाडीच्या पुढच्या पिढीतली टांग्याची कमान असते त्याच जातीचे. शरीराचं झुकणं कमी करणारी आडवी सळई, म्हणजे अँटी-रोल बार, पुढंही होती आणि मागंही.

मग सुधारायचं काय? तर ही गाडी बनली तेव्हा टायर वेगळे होते, वेग वेगळा होता. ताशी ६० किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीचं मऊ सस्पेन्शन खड्ड्यात सुख देतं. तीच गाडी आज द्रुतगती रस्त्यांच्या जमान्यात ९० नं वळवली की बाहेरच्या बाजूला होडीसारखी कलते, पुढचं नाक रुंद जातं, आणि चालवणारा घाबरतो.

एक साधा हिशेब करू. धरा की गाडीचं वजन ९०० किलो आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर वर आहे आणि दोन चाकांमधलं अंतर १२३ सेंटीमीटर. वळणावर गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोरानं बाहेर ओढली जात असेल, तर आतल्या चाकांवरचं साधारण २०० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. आता गाडी ४ सेंटीमीटर खाली घेतली तर हा आकडा होतो १८७ च्या आसपास. म्हणजे एवढा खटाटोप करून १५ किलोचाही फरक पडत नाही.

म्हणून नुसती गाडी बसकी केली की ती वळणावर चिकटते, हा समज अर्धाच खरा आहे. फायदा असतो, पण गॅरेजवाला सांगतो तेवढा नसतो. शिवाय विशबोनच्या गाडीत एक भानगड आहे. गाडी खाली आली की विशबोनचे कोन बदलतात, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जाऊ शकतो. मग गाडी बसकी होऊनही पूर्वीइतकीच किंवा जास्त कलते.

आपल्याकडं सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंग कापणे. स्प्रिंगला काम करणारे ८ वेढे असतील आणि त्यातला एक कापला तर उरलेली स्प्रिंग साधारण १४ टक्के कडक होते. गाडी खाली येते आणि कडकही होते, एका दगडात दोन पक्षी. पण कापायला गॅसचा टॉर्च लावला की त्या जागचं पोलाद तापून त्याचा कस जातो. कापलेलं टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही. आणि शॉकअब्सॉर्बर तोच जुना राहिला तर कडक झालेल्या स्प्रिंगचं उसळणं तो आवरू शकत नाही. खड्ड्यातून गाडी बाहेर पडते आणि पुढचे दोन-तीन झोके खात राहते. झोका वर असताना टायरचं ओझं हलकं होतं, आणि नेमकं तेव्हाच ब्रेक लावायची वेळ आली तर चाक घसरतं.

दुसरा उद्योग मागच्या पाट्यांचा. टॅक्सीवाल्यांनी टपावर सामान, डिकीत सामान, आणि नंतरच्या काळात सीएनजीचा जड पोलादी सिलिंडर वाहायचा म्हणून पाट्यात एक जादा पाटा घालून घेतला. ओझ्यासाठी ते बरोबर होतं. पण सस्पेन्शनचा एक नियम आहे. वळणावर एकूण किती वजन सरकणार हे उंची, रुंदी आणि वेग ठरवतात. ते पुढच्या जोडीनं किती घ्यायचं आणि मागच्या जोडीनं किती, हे मात्र स्प्रिंग आणि सळई यांचा कडकपणा ठरवतो. जी जोडी जास्त कडक, तिच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार, आणि तीच जोडी आधी घसरते.

म्हणून मागचे पाटे कडक केलेली, पण रिकामी धावणारी टॅक्सी पहिल्या पावसात शेपूट फिरवायची. आणि उलट, पुढची सळई जाड केली की गाडी कमी कलते, चालवणाऱ्याला विश्वास वाटतो, पण नाक आणखी रुंद जातं. नेहमीच्या रस्त्यासाठी नाक रुंद जाणं परवडतं, कारण माणूस घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि गाडी सावरते. शेपूट सुटली तर सावरायला सराव लागतो. गाडी बनवणारे कारखाने मुद्दाम नाकाच्या बाजूनं चूक ठेवतात ते यासाठीच.

शेपूट सावरायचा सराव असलेलेही लोक होते. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यात फियाट मोठ्या संख्येनं उतरायच्या. शर्यतीच्या गाडीला खड्ड्याची चिंता नसते, प्रवाशाच्या पाठीची नसते. त्यामुळं गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली, स्प्रिंगा दगडासारख्या. तीच गाडी इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागं आणली तर पहिल्या गतिरोधकाला सायलेन्सर जाईल.

मग ज्यांच्या घरी आजोबांची फियाट उभी आहे त्यांनी काय करावं? सगळ्यात जास्त फरक पडतो तो सगळ्यात कंटाळवाण्या कामांनी. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीतले रबरी बुश कडक होऊन चिरलेले असतात. विशबोनला खेळ येतो, पाट्यांच्या टोकांना खेळ येतो, आणि मग स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी एक क्षण विचार करून वळते. हे बुश बदलले की निम्मी तक्रार संपते. त्यानंतर किंगपिन. फियाटच्या पुढच्या चाकांना किंगपिन असतात, त्यांना वेळेवर ग्रीस मिळालं नाही तर ते झिजतात, आणि किंगपिन झिजलेल्या गाडीचं अलाइनमेंट कुठल्याही लेझर यंत्रावर टिकत नाही.

मग चांगले शॉकअब्सॉर्बर. मग टायर. जुन्या क्रॉस-प्लाय टायरच्या जागी योग्य मापाचे रेडियल घातले की रस्त्यावरची पकड एकदम बदलते. पण चार चाकांना सारखेच, दोन जुने आणि दोन नवे असं चालत नाही. रुंद टायरचा मोह टाळलेला बरा, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला पार्किंगमध्ये खांदे दुखतात आणि बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच.

एवढं झाल्यावरही कलणं खुपत असेल तर पुढच्या स्प्रिंगा थोड्या कडक, कारखान्यात गुंडाळून आणलेल्या, आणि मागच्या पाट्यांची कमान पुन्हा मारून घेतलेली. स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि सळई ही तिन्ही एकत्र विचारात घ्यायची. आणि ब्रेक. ड्रम ब्रेकची गाडी वळणावर वेगात जायला लागली म्हणजे ती थांबायलाही तेवढीच लवकर लागते, हे बहुतेक जण शेवटी लक्षात घेतात.

यात कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. बुश, शॉकअब्सॉर्बर, मूळ मापाच्या स्प्रिंगा ही दुरुस्ती झाली. गाडीची ठेवणच बदलायची असेल तर आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मारुती आली होती, पुढच्या चाकांवर चालणारी, हलकी, वळणावर सरळसोट. कुर्ल्याच्या कारखान्याच्या पुढच्या काळात संपही झाले, भागीदारही बदलले, पण गाडी मूळची १९५० च्या दशकातलीच राहिली. ज्या संरक्षणानं प्रीमियरला उभं केलं त्यानंच तिला सुधारायची गरज भासू दिली नाही, असं म्हणायला जागा आहे. वालचंद हयात असते तर पन्नास वर्षं एकच गाडी बनवत बसले असते का, हा प्रश्न अनेकांना पडतो. एका धंद्यातून दुसऱ्यात आणि जहाजातून विमानात उडी मारणारा माणूस होता तो.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मुदत, त्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ पासून वालचंद यांचं नाव आहे, तिथली मुलं सस्पेन्शनचे हेच हिशेब परीक्षेत सोडवतात. खासगी मालकांकडं मात्र अजून बऱ्याच पद्मिनी आहेत, आणि किंगपिनचा सेट, बुश, पाटे हे सगळं जुन्या बाजारात शोधलं तर मिळतं.